‘तुमचे सिबिल खराब आहे’ याचा नेमका अर्थ काय, आणि पुढे काय करावे : सीमाभागातील कर्जदारांसाठी सविस्तर मार्गदर्शन

बँकेतील अधिकाऱ्याने संगणकाकडे पाहत ‘तुमचे सिबिल खराब आहे’ एवढे चार शब्द उच्चारले, की समोरचा माणूस बहुधा काही न विचारता उठतो. आपल्यावर कसला तरी ठपका आला आहे, आता कुठेच कर्ज मिळणार नाही, असे त्याला वाटते. खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी किंवा बेळगाव शहरातील वडगाव-शहापूर, कुठलाही भाग घेतला तरी हा अनुभव नवा राहिलेला नाही. त्या क्षणी विचारायला हवेत असे प्रश्न मात्र तीनच असतात : कोणत्या खात्यामुळे, कोणत्या महिन्यामुळे, आणि ती नोंद कोणी पाठवली. सिबिल स्कोअर म्हणजे आपण आजवर कर्जे कशी फेडली यावरून काढलेला आकडा, पण खराब असतो तो आकडा नव्हे. त्यामागे एखादी ठरावीक नोंद असते, आणि ती नोंद शोधली तरच पुढचा मार्ग दिसतो. हा लेख ती नोंद शोधण्यासाठी आहे.

गावातली पत आणि कागदावरची पत

आपल्याकडे पत हा शब्द माणसाच्या अब्रूशी जोडलेला आहे. येळ्ळूर किंवा कडोलीसारख्या गावात कोणाचा शब्द खरा आणि कोणाला उधार द्यायचे नाही, हे दुकानदाराला वहीत न पाहताही ठाऊक असते. भिशीत वीस वर्षे पैसे वेळेवर भरणारी बाई, सौहार्द सोसायटीचा (कर्नाटकातील एका प्रकारच्या सहकारी संस्थेचा) एकही हप्ता न चुकवलेला गवंडी, अडत दुकानात उचल घेऊन बटाटा निघाल्यावर चुकती करणारा शेतकरी, या सर्वांची गावात पत असते; परंतु यांपैकी बहुतेक व्यवहार कर्जाच्या अहवालात पोहोचतच नाहीत. भिशी आणि हातउसने यांची नोंद कोठेही जात नाही. लहान पतसंस्था आणि सौहार्द सोसायट्यांपैकीही अनेक संस्था पतमाहिती कंपन्यांना, म्हणजे कर्जांच्या नोंदी ठेवून हा अहवाल तयार करणाऱ्या कंपन्यांना, माहिती पुरवत नाहीत. त्यामुळे आयुष्यभर चोख व्यवहार केलेल्या माणसाचा अहवाल कोरा असू शकतो, आणि मोबाइलच्या एका हप्त्यात चूक झालेल्या मुलाचा अहवाल मात्र भरलेला असतो. हे अन्यायाचे वाटणे स्वाभाविक आहे, तरीही व्यवस्था कशी चालते हे समजून घेण्यावाचून पर्याय नाही.

‘सिबिल’ हे मुळात एका कंपनीचे नाव आहे. ही कंपनी २००० मध्ये स्थापन झाली आणि आज ट्रान्सयुनियन सिबिल या नावाने ओळखली जाते. तिच्याखेरीज एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा आणखी तीन कंपन्यांना रिझर्व्ह बँकेने परवाना दिलेला आहे, आणि या चौघींचे काम २००५ च्या पतमाहिती कंपनी कायद्यानुसार चालते. बँका, सहकारी बँका, वित्त कंपन्या आणि मायक्रोफायनान्स संस्था आपापल्या कर्जदारांची माहिती या कंपन्यांना पाठवतात. पूर्वी ती महिन्यातून एकदा जात असे. जानेवारी २०२५ पासून ती किमान दर पंधरा दिवसांनी पाठवण्याचे बंधन आले आहे. चारही कंपन्यांचे हिशेबाचे सूत्र वेगळे असल्यामुळे एकाच माणसाचे चार ठिकाणचे स्कोअर थोडेफार वेगळे दिसतात, आणि त्यात घाबरण्यासारखे काही नाही.

किती म्हणजे कमी

स्कोअर ३०० ते ९०० या दरम्यान असतो. साधारणपणे ७५० च्या पुढचा स्कोअर बँकांना निर्धोक वाटतो आणि ६५० च्या खाली गेल्यावर अडचणी वाढू लागतात, परंतु ही प्रत्येक बँकेने आपल्यापुरती आखलेली रेषा असते. रिझर्व्ह बँकेने किमान स्कोअरचा कोणताही आकडा ठरवून दिलेला नाही. म्हणून ‘नियमानुसार इतका स्कोअर लागतोच’ असे कोणी सांगितले, तर तो त्या बँकेचा नियम आहे, देशाचा नव्हे, आणि दुसऱ्या बँकेचे दार ठोठावायला हरकत नाही.

ज्याने कधीच कर्ज घेतलेले नाही त्याच्या अहवालात आकड्याऐवजी उणे एक किंवा ‘इतिहास नाही’ अशा अर्थाची खूण येते. कोरा अहवाल आणि खराब अहवाल या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ पूर्वीचा इतिहास नाही या एकाच कारणावरून नाकारू नये, असे रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलेले आहे. असा अनुभव आल्यास नकाराचे कारण लेखी मागावे.

कमी स्कोअरची किंमत किती, हे एका हिशेबाने पाहू. घरासाठी १० लाख रुपये २० वर्षांसाठी घेतले आणि व्याजदर साडेआठ टक्के असला, तर मासिक हप्ता सुमारे ८,६७८ रुपये येतो. तेच कर्ज कमी स्कोअरमुळे साडेदहा टक्क्यांनी घ्यावे लागले, तर हप्ता सुमारे ९,९८४ रुपये होतो. महिन्याला साधारण १,३०० रुपयांचा हा फरक वीस वर्षांत तीन लाखांच्या वर जातो. उद्यमबागेत यंत्रासाठी कर्ज काढणाऱ्या लहान कारखानदाराला किंवा वडगावच्या यंत्रमागधारकाला व्याजाचा असाच फरक धंद्याच्या नफ्यातून भरावा लागतो.

परिणाम कर्जापुरतेच थांबत नाहीत. मुलाच्या शैक्षणिक कर्जात पालक सहकर्जदार असतात, त्यामुळे वडिलांचा अहवाल मुलाच्या प्रवेशाच्या आड येऊ शकतो. बँकांच्या नोकरभरतीच्या जाहिरातींतही आता रुजू होताना कर्जाचा इतिहास निर्दोष असावा अशी अट असते, आणि बेळगावात बँकेच्या परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या शेकडो मुलामुलींनी ही अट अभ्यासाच्या सुरुवातीलाच वाचायला हवी. सर्वांत वाईट म्हणजे बँकेचे दार बंद झालेला माणूस खासगी सावकाराकडे वळतो, आणि तेथे व्याज महिन्यावर मोजले जाते.

आपल्या भागात स्कोअर कशामुळे पडतो

सर्वसाधारण कारणे सर्वत्र सारखीच असतात : हप्ता उशिरा जाणे, क्रेडिट कार्डाची मर्यादा जवळजवळ संपूर्ण वापरणे, थोड्या काळात अनेक ठिकाणी अर्ज करणे. त्यांच्यावर येथे फार वेळ घालवत नाही. सीमाभागात वारंवार दिसणारी काही कारणे मात्र वेगळी आहेत, आणि त्यांत कर्ज बुडवण्याचा हेतू क्वचितच असतो.

पहिले कारण जामीन. नात्यातल्या माणसाने ‘फक्त एक सही पाहिजे’ म्हटले की आपण नाही म्हणत नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या १२८ व्या कलमानुसार जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, म्हणजे बँकेने आधी कर्जदाराच्या मागे लागावे आणि मग जामीनदाराकडे यावे असा क्रम बंधनकारक नाही. जामीन दिलेले कर्ज आपल्याही अहवालात दिसते. मी स्वतः एका नातलगाच्या ट्रॅक्टरसाठी जामीन राहिलो होतो. त्याचे दोन हप्ते थकले हे मला त्याने सांगितले नाही, कर्ज देणाऱ्या संस्थेनेही कळवले नाही. ते मला कळले ते तीन वर्षांनी, घराच्या डागडुजीसाठी अर्ज केला तेव्हा. नातलगाने वाईट हेतूने काही केले नव्हते, ऊसबिल अडकले होते एवढेच. पण माझ्या अहवालात त्या दोन महिन्यांसमोर उशिराचे दिवस लिहिलेले होते आणि त्यांचे कारण लिहायला तेथे जागा नव्हती.

उसाचा उल्लेख आलाच आहे, तर हप्त्याच्या तारखेविषयी सांगितले पाहिजे. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ नुसार कारखान्याने ऊस मिळाल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावेत आणि उशीर झाल्यास वर्षाला १५ टक्के दराने व्याज द्यावे अशी तरतूद आहे. प्रत्यक्षात बिल किती लांबते हे चिकोडी-अथणीकडच्या शेतकऱ्याला सांगण्याची गरज नाही. मोटारसायकल किंवा मोबाइलचा हप्ता मात्र दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला खात्यातून आपोआप कापला जातो आणि खात्यात पैसे नसले की परत जातो. वर्षातून एकदोनदा मिळणाऱ्या उत्पन्नावर दर महिन्याचा हप्ता बांधणे हीच मूळ चूक असते. पीककर्जाची थकबाकी पिकाच्या हंगामावर मोजली जाते : कमी मुदतीच्या पिकासाठी दोन हंगाम, आणि एक वर्षाहून अधिक काळ चालणाऱ्या पिकासाठी एक हंगाम रक्कम थकली तर खाते अनुत्पादक, म्हणजे बँकेच्या भाषेत ‘एनपीए’, ठरते. वाहन, घर किंवा वैयक्तिक कर्जाला ही सवलत नाही. तेथे ९० दिवसांहून अधिक काळची थकबाकी खाते अनुत्पादक ठरायला पुरते. शेती अधिकाऱ्याने पीककर्जाबाबत दिलेला दिलासा दुसऱ्या कर्जांना लागू आहे असे समजून अनेकजण फसतात.

दुसरे कारण आपल्या भाषेशी जोडलेले आहे, आणि म्हणून त्याबद्दल मला विशेष कळकळ वाटते. आपण मराठी वर्तमानपत्रे वाचतो, कोल्हापूर-सांगलीच्या बातम्या ऐकतो, आणि महाराष्ट्रात कर्जमाफी जाहीर झाली की आपल्या गावातही चर्चा सुरू होते. महाराष्ट्र सरकारने २०१७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये जाहीर केलेल्या कर्जमाफीच्या योजना महाराष्ट्रातील शेतकऱ्यांसाठी होत्या. बेळगाव जिल्ह्यातील जमिनीवरच्या कर्जाशी त्यांचा संबंध नव्हता. कर्नाटक सरकारने २०१८ मध्ये पीककर्जमाफी जाहीर केली, तिचे निकष आणि मर्यादा पूर्णपणे वेगळ्या होत्या. माफी येणार या आशेवर थांबवलेला हप्ता अहवालात थकलेला हप्ता म्हणूनच नोंदला जातो. भाषा आपली असली तरी कर्जाचा नियम जमीन ज्या राज्यात आहे त्या राज्याचा, आणि बातमी वाचताना ही एक गोष्ट आधी पाहावी. याउलट स्कोअरला मात्र राज्याची सीमा नाही : गडहिंग्लजच्या शाखेत थकलेले कर्ज निपाणीच्या शाखेतही तितकेच स्पष्ट दिसते.

तिसरे कारण महिलांच्या गटांचे कर्ज. मायक्रोफायनान्स संस्थेचे कर्ज गटाच्या नावाने ओळखले जात असले तरी प्रत्येक सभासद बाईची नोंद तिच्या स्वतःच्या नावाने जाते. गटातील एकीचे पैसे आले नाहीत म्हणून बाकीच्यांनी ‘ती भरेपर्यंत आम्हीही भरणार नाही’ असा पवित्रा घेतला, तर प्रत्येकीच्या अहवालावर डाग पडतो. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०२२ पासून लागू असलेल्या नियमांनुसार वर्षाला तीन लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला दिलेले विनातारण कर्ज मायक्रोफायनान्स मानले जाते, आणि कुटुंबाच्या सर्व कर्जांचे मासिक हप्ते मिळून उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक होता कामा नयेत. महिन्याला १८ हजार रुपये येणाऱ्या घरावर ९ हजारांपेक्षा अधिक हप्त्यांचे ओझे टाकणारे कर्ज द्यायला संस्थेलाच मनाई आहे. म्हणून अर्जात उत्पन्न फुगवून लिहिण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मानू नये. त्या आकड्यावर आपलेच संरक्षण उभे असते.

चौथे कारण नावाचे. शाळेचा दाखला मराठीत, शिधापत्रिका आणि जमिनीचा उतारा कन्नडमध्ये, पॅन कार्ड इंग्रजीत. एकेका भाषेतून नाव जाताना एखादे अक्षर बदलते. कोठे वडिलांचे नाव मध्ये येते, कोठे केवळ आद्याक्षर, बायकांच्या बाबतीत माहेरचे आणि सासरचे आडनाव. त्यात गावात एकाच नावाचे तीन-चार पाटील, आणि शाळेत घालताना गुरुजींनी लिहिलेली १ जून ही जन्मतारीखही अनेकांची सारखीच. नाव, जन्मतारीख आणि गाव जुळल्यामुळे एकाचे कर्ज दुसऱ्याच्या अहवालात शिरण्याची भीती अशा गावांत खरी असते. १ नोव्हेंबर २०१४ रोजी शहराचे अधिकृत नाव बेळगावी झाले, त्यामुळे जुन्या आणि नव्या कागदांवर पत्ताही दोन प्रकारे दिसतो. नुसता पत्त्यातला फरक स्कोअर पाडत नाही, पण ओळख पटवताना गोंधळ वाढवतो.

पहिली पायरी : अहवाल हाती घ्या

चारही कंपन्यांनी प्रत्येक व्यक्तीला दर कॅलेंडर वर्षात एकदा संपूर्ण अहवाल स्कोअरसह विनामूल्य दिला पाहिजे, असा नियम २०१७ पासून लागू आहे. म्हणजे चार कंपन्यांचे मिळून वर्षात चार अहवाल मोफत मिळू शकतात, आणि दर तीन महिन्यांनी एक मागवला तर वर्षभर लक्ष राहते. कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावर नाव, जन्मतारीख, पॅन क्रमांक आणि मोबाइल क्रमांक देऊन तो मागवता येतो. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने स्कोअर कमी होत नाही. तो कमी होऊ शकतो तो कर्जासाठी अर्ज केल्यावर बँकेने केलेल्या चौकशीमुळे.

येथे एक सावधगिरी हवी. मोबाइल क्रमांकावर येणारा ओटीपी हीच या व्यवहारातील किल्ली आहे, आणि अनेक घरांत वडिलांच्या खात्याला गोव्यात किंवा पुण्यात काम करणाऱ्या मुलाचा, किंवा कर्ज करून देणाऱ्या एजंटाचा क्रमांक जोडलेला असतो. आधी आपला स्वतःचा क्रमांक बँकेत नोंदवून घ्यावा. अहवाल काढण्यासाठी सेवाकेंद्रातील मुलाची मदत घेतली, तर अहवाल आपल्या ई-मेलवर किंवा कागदावर घेऊन त्यांच्या संगणकावरून काढून टाकायला सांगावे.

दुसरी पायरी : अहवाल वाचा

अहवाल बहुधा इंग्रजीत हाती येतो आणि पहिल्या पानावरच्या मोठ्या आकड्याकडे डोळे जातात. तो आकडा क्षणभर बाजूला ठेवून आधी ओळखीचा भाग वाचावा : नावाचे स्पेलिंग, जन्मतारीख, पॅन, पत्ते, फोन क्रमांक. आपण कधीच न राहिलेल्या गावाचा पत्ता तेथे असेल, तर दुसऱ्याचे खाते आपल्यात मिसळले असण्याची शक्यता लगेच लक्षात घ्यावी.

त्यानंतर खात्यांचा भाग. प्रत्येक कर्जासमोर संस्थेचे नाव, कर्जाचा प्रकार, आपण कर्जदार, सहकर्जदार की जामीनदार, मूळ रक्कम, शिल्लक, थकीत रक्कम आणि सुमारे ३६ महिन्यांची एक पट्टी असते. या पट्टीतच सगळे गुपित आहे. प्रत्येक महिन्याखाली हप्ता किती दिवस उशिरा आला ते लिहिलेले असते : ‘०००’ किंवा ‘एसटीडी’ म्हणजे ठीक, ‘०३०’ म्हणजे तीस दिवस उशीर, ‘०९०’ म्हणजे नव्वद दिवस. ‘एसएमए’ म्हणजे खाते घसरू लागले आहे, ‘एसयूबी’, ‘डीबीटी’ आणि ‘एलएसएस’ या त्याहून गंभीर पायऱ्या, तर ‘एक्सएक्सएक्स’ म्हणजे त्या महिन्याची माहितीच आलेली नाही. एक वही घेऊन ज्या महिन्यांत उशीर दिसतो ते महिने आणि ते कर्ज लिहून काढावे. बहुतेकांची यादी त्यांना वाटते त्यापेक्षा खूपच लहान निघते.

खात्याच्या स्थितीचे शब्दही नीट समजून घ्यावेत. ‘क्लोज्ड’ म्हणजे कर्ज पूर्ण फिटले. ‘सेटल्ड’ म्हणजे देणे पूर्ण न घेता तडजोडीने मिटवले. ही नोंद पुढच्या बँकेला खटकते. ‘रिटन-ऑफ’ या शब्दाने तर लोकांची फार फसगत होते. बँकेने आपल्या हिशेबातून ते येणे वेगळे काढले एवढाच त्याचा अर्थ आहे, आणि कर्जदाराचे देणे त्यामुळे संपत नाही. त्याला माफी समजू नये.

सर्वांत शेवटी चौकशांची यादी पाहावी. आपण अर्ज न केलेल्या संस्थेचे नाव तेथे दिसले, तर आपल्या कागदपत्रांचा कोणी वापर केला आहे का याचा शोध लगेच घ्यावा.

तिसरी पायरी : नोंदींचे तीन ढीग करा

वहीतली प्रत्येक नोंद तीनपैकी कोणत्या प्रकारची आहे ते ठरवावे : चुकीची, खरी पण अजून थकलेली, आणि खरी पण फिटलेली. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत, आणि ते एकमेकांत मिसळल्यामुळे लोकांचे महिने वाया जातात. थकलेल्या कर्जासाठी तक्रार करून उपयोग नसतो, आणि आपले नसलेले कर्ज भीतीपोटी भरून टाकणे तर कधीही करू नये.

चुकीची नोंद असल्यास संबंधित पतमाहिती कंपनीच्या संकेतस्थळावर हरकत नोंदवावी आणि त्याच दिवशी कर्ज देणाऱ्या संस्थेच्या शाखेतही लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. पतमाहिती कंपनी स्वतःहून नोंद बदलत नाही. ती संस्थेला विचारते, आणि संस्थेने मान्य केल्यावर दुरुस्ती होते. म्हणून शाखेतला अर्ज महत्त्वाचा. अर्जात खाते क्रमांक, चुकीचा महिना किंवा रक्कम, बरोबर माहिती काय आणि पुरावा कोणता, एवढेच लिहावे. नामसाधर्म्याचा घोटाळा असेल, तर पॅन आणि आधारची प्रत, तसेच वडिलांचे पूर्ण नाव ठळकपणे द्यावे.

या तक्रारीला मुदत आहे. ३० दिवसांत निवारण झाले नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तक्रारदाराला मिळाली पाहिजे, असा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. त्यातले पहिले २१ दिवस कर्ज देणाऱ्या संस्थेचे असतात. उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते. सप्टेंबर २०२२ पासून पतमाहिती कंपन्याही या योजनेच्या कक्षेत आल्या आहेत. १४४४८ या क्रमांकावर माहिती मिळते. लोकपालाकडे जाताना आधी केलेल्या लेखी तक्रारीची पोच लागते, म्हणून शाखेत तोंडी बोलून परतणे ही सर्वांत महाग पडणारी सवय आहे.

नोंद खरी असून रक्कम थकलेली असेल, तर लहान रकमेपासून सुरुवात करावी. मोबाइल, फ्रिज, विसरलेले क्रेडिट कार्डाचे वार्षिक शुल्क अशा काही शे किंवा काही हजार रुपयांच्या थकबाक्या अहवालात मोठ्या कर्जाइतक्याच उठून दिसतात आणि त्या एका दिवसात मिटू शकतात. मोठ्या कर्जासाठी शाखेत जाऊन हप्त्यांची फेरआखणी मागावी, आणि हप्त्याची तारीख आपल्या मिळकतीशी जुळवून द्यावी अशी लेखी विनंती करावी. एकरकमी तडजोडीचा प्रस्ताव आकर्षक वाटतो, आणि घरात आजारपण असेल किंवा धंदा पूर्ण बसला असेल तर तो स्वीकारण्यात गैर काही नाही. परंतु शक्य असेल तर पूर्ण रक्कम भरावी. पूर्वी तडजोड केली असल्यास उरलेला फरक भरून ‘सेटल्ड’ऐवजी ‘क्लोज्ड’ अशी नोंद करून मिळेल का, हे संस्थेला विचारता येते. होकार मिळाला तर आधी लेखी घ्यावा आणि मगच पैसे भरावेत.

वसुलीसाठी येणाऱ्या माणसांची भीती बाळगून फोन बंद ठेवू नये. बँका आणि वित्त कंपन्यांच्या वसुली प्रतिनिधींनी सकाळी ८ पूर्वी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू नये, धमकी किंवा अपमान करू नये, असे रिझर्व्ह बँकेचे बंधन आहे. कर्नाटकानेही २०२५ मध्ये सूक्ष्म आणि लघु कर्जाच्या जबरी वसुलीविरुद्ध कायदा केला आहे. त्याचा रोख नोंदणी नसलेल्या सावकारांवर असून त्यात १० वर्षांपर्यंत कैद आणि ५ लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. त्रास झाल्यास पोलिस ठाण्यात तक्रार द्यावी, मात्र त्या तक्रारीने कर्जाचे देणे मिटत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

तिसरा ढीग म्हणजे खरी पण फिटलेली नोंद. येथे काळ हाच उपाय आहे. फिटलेल्या कर्जातील जुना उशीर पुसला जात नाही, पण त्याच्यानंतर वेळेवरच्या महिन्यांची रांग वाढत गेली की त्याचे वजन घटत जाते. पैसे देऊन ही नोंद काढून देतो असे सांगणाऱ्यांना एक रुपयाही देऊ नये, कारण खरी नोंद पुसण्याचा अधिकार त्यांना नाही, आणि चुकीची नोंद आपण स्वतः विनामूल्य दुरुस्त करू शकतो. अशा लोकांच्या हाती पॅन, आधार आणि ओटीपी गेले, तर नव्या कर्जाचा धोका वेगळाच.

चौथी पायरी : नवी पट्टी भरायला घ्या

ज्यांचा अहवाल कोरा आहे किंवा सावरतो आहे, त्यांनी बँकेतील छोट्या मुदतठेवीच्या तारणावर मिळणारे क्रेडिट कार्ड घेऊन त्यावर महिन्याचा एखादा ठरलेला खर्च करावा आणि पूर्ण बिल मुदतीआधी भरावे. मर्यादेच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा अधिक वापर टाळावा. फेरीवाले आणि भाजीविक्रेते यांच्यासाठी पीएम स्वनिधी योजनेतील लहान कर्ज हीही चांगली सुरुवात आहे, कारण वेळेवर फेडल्यावर पुढचे मोठे कर्ज मिळते. सोसायटीतून किंवा पतसंस्थेतून कर्ज घेताना ‘तुमची माहिती पतमाहिती कंपनीकडे जाते का’ असा प्रश्न विचारावा. उत्तर नाही असे आले म्हणून संस्था वाईट ठरत नाही, केवळ त्या चोख परतफेडीचा अहवालाला उपयोग होणार नाही एवढे आपल्याला आधी कळते.

सुधारणेच्या काळात सहा महिने तरी नवे अर्ज करू नयेत. एका बँकेने नाकारले म्हणून त्याच आठवड्यात आणखी चार ठिकाणी अर्ज टाकणे म्हणजे पैशाची निकड साऱ्यांना ओरडून सांगण्यासारखे आहे.

कर्ज पूर्ण फिटेल त्या दिवशी शाखेतून बेबाकी दाखला घेतल्याशिवाय बाहेर पडू नये. घर किंवा जमीन तारण असल्यास मूळ कागदपत्रे ३० दिवसांत परत मिळाली पाहिजेत. संस्थेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाईचा नियम डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. शेतजमिनीच्या उताऱ्यावरचा बोजा कमी झाला का, हे उतारा नव्याने काढून पाहावे. महिन्याभराने अहवालात खाते ‘क्लोज्ड’ झाल्याची खात्री करावी. आणि या कर्जाला कोणी जामीन राहिला असेल, तर बेबाकी दाखल्याची एक प्रत त्याच्या घरी नेऊन द्यावी, व त्याच्याही अहवालात ते कर्ज ‘क्लोज्ड’ दिसते आहे ना, हे त्याच्याबरोबर बसून पाहावे.